वाऱ्याची वहिवाट

वकिली हा जिभेचा धंदा आहे असा सर्वसाधारण समज आहे. वीस वर्षे काळा कोट अंगावर वागवल्यानंतर माझे मत मात्र निराळे झाले आहे. हा धंदा मुख्यतः कानाचा आहे. पक्षकार काय सांगतो यापेक्षा तो सांगताना कोठे अडखळतो, साक्षीदाराचा आवाज नेमक्या कोणत्या शब्दाशी बारीक होतो, न्यायाधीशमहाराज 'बरं' हा एवढासा शब्द कोणत्या सुरात उच्चारतात, यावर पुष्कळ काही अवलंबून असते. कानांचा असा अभिमान बाळगणाऱ्या मला माझ्याच घरात, शेजारच्या खोलीतून आलेली माझ्या आईची हाक ऐकू येऊ नये आणि त्याला कारण वीतभरही रुंद नसलेला एक पंखा व्हावा, ही गोष्ट लिहिताना आजही लेखणी जड होते. परंतु वकिलाने स्वतःचा कबुलीजबाब टाळू नये, म्हणून ती लिहीत आहे.

आमचे घर बेळगावात, शहापूर भागात. घर जुने, भिंती जाड. ओसरीला लागून वडिलांचे कार्यालय होते. ते गेल्यावर माझे झाले. भिंतीत एक खोल फडताळ आहे आणि त्याच्या दोन्ही बाजूंना 'ऑल इंडिया रिपोर्टर'च्या जाड बांधणीच्या खंडांची रांग आहे. त्या फडताळात, टेबलाखाली पाय सुखाने पसरता यावेत म्हणून, मी माझा संगणक ठेवून दिला होता. हा संगणकही एका अर्थी वारसाहक्कानेच आलेला, फक्त वारसा उलट्या दिशेने आला. चिरंजिवांनी २०२१ साली टाळेबंदीच्या काळात सुटे भाग मागवून तो स्वतःच्या हातांनी जोडला, त्यावर यथेच्छ खेळ खेळले आणि २०२३ साली अभियांत्रिकी शिकण्यासाठी पुण्यास जाताना तो मला बहाल केला. बक्षीसपत्रात दोषांची यादी नसते. तीन-चार महिन्यांत माझ्या ध्यानात आले की हा संगणक बोलतो.

प्रथम हे बोलणे गुणगुणण्यासारखे होते. मग उन्हाळा आला, फडताळातल्या अंधारात धूळ साचली, आणि गुणगुणण्याचे घरघरीत रूपांतर झाले. एकदा दूरदृश्य पद्धतीने सुनावणी चालू असताना समोरच्या न्यायाधीशांनी मोठ्या सौजन्याने विचारले, "वकीलसाहेब, तुमच्याकडे पाऊस चालू आहे का?" दिवस वैशाखातले होते. मी हसून वेळ मारून नेली. घरघरीचा गुण असा की मनुष्य तिला लवकर सरावतो. आठवड्याभरात मला ती ऐकू येईनाशी झाली. ती थांबली नव्हती. माझ्या कानांनी तिच्यापुढे हार खाल्ली होती, आणि हार खाताना तिच्याखाली दबलेले इतर बारीक आवाजही त्यांनी सोडून दिले होते.

माघातली एक रात्र. रस्ता निजलेला, बाहेर पान हलत नव्हते. वाटणीच्या एका दाव्यातील चारशेच्या आसपास जुने कागद मी संगणकाला वाचावयास दिले होते. छायाचित्रातील अक्षरे ओळखून त्यांचा मजकूर करावयाचा, हे त्याला बरेच श्रमाचे काम. त्यामुळे पंखे पुऱ्या वेगाने फिरत होते. साडेबाराच्या सुमारास मी उठून आईच्या खोलीत डोकावलो, तो ती पलंगाशेजारी जमिनीवर बसलेली. पाण्याच्या तांब्यासाठी वाकली, तोल गेला आणि खाली बसली ती उठता येईना. वय एकोणऐंशी. हाड मोडले नव्हते, एवढी ईश्वराची कृपा. "किती वेळ बसली आहेस?" म्हणून विचारले तर म्हणाली, "झाला असेल तासभर. दोन-तीनदा हाक मारली. तू कामात होतास." तिच्या बोलण्यात तक्रारीचा सूर नव्हता. तो असता तर मला सोसणे सोपे गेले असते.

आमच्या दोन खोल्यांमध्ये भिंत आहे, पण दारही आहे आणि ते उघडेच असते. वडिलांच्या काळात या दारातून ती चहाला हाक मारी आणि वडील मान वर न करता 'हं' म्हणत. तेवढ्या अंतरावरून आलेली हाक मी गमावली होती.

दुसऱ्या दिवशी मी दुकानात जाऊन आणखी तीन पंखे घेऊन आलो. संगणक तापतो म्हणून पंखे जोरात फिरतात. पंखे वाढवले की तो निवेल, निवला की पंखे हळू होतील, असे माझे सरळ अनुमान होते. मूळचे दोन आणि नवे तीन मिळून पाच झाले. आपण उकाड्यात पंखा आपल्याकडे तोंड करून लावतो, त्या न्यायाने मी नवे तीनही पंखे वारा आत फेकतील असे बसवले आणि त्यांच्या तारा थेट वीजपुरवठ्याच्या पेटीला, दुकानदार जिला एसएमपीएस म्हणतात तिला, जोडून टाकल्या. परिणाम असा झाला की पूर्वी प्रोसेसरचे तपमान कामाच्या भरात ८६ अंशांपर्यंत जाई ते ८३ वर आले, आणि आवाज मात्र पीठगिरणीचा येऊ लागला. त्यातही दोन पंख्यांचे वेग किंचित वेगळे असल्याने त्यांचे सूर एकमेकांत मिसळून एक संथ हेलकावा उठे. एकसुरी आवाजाकडे दुर्लक्ष करता येते. हेलकावणारा आवाज दर क्षणी नव्याने दार ठोठावतो.

रात्री चिरंजिवांना दूरध्वनी केला. त्यांनी आधी आजीची चौकशी केली आणि मग माझी उलटतपासणी आरंभली. "बाबा, पंखे कोणत्या बाजूला तोंड करून आहेत?" "तारा मदरबोर्डला जोडल्यात की थेट?" "कॅबिनेट ठेवलंय कुठे?" शेवटच्या प्रश्नाचे उत्तर ऐकून पलीकडे क्षणभर शांतता पसरली. वकिलाला अशा शांततेचा अर्थ समजतो.

त्या संभाषणातून आणि त्यानंतरच्या वाचनातून मला जे कळले ते असे. संगणक जेवढी वीज खातो तेवढी जवळजवळ सगळी शेवटी उष्णता होऊन बाहेर पडते. दोनशे वॅट वीज घेतली तर दोनशे वॅटची शेगडीच पेटीत ठेवल्यासारखे आहे. ही उष्णता वाहून नेणारा हमाल एकच, तो म्हणजे वारा. पेटीतून जाताना हवा दहा अंशांपेक्षा अधिक तापू नये असे म्हटले तर या शेगडीसाठी सेकंदाला सुमारे सतरा लिटर हवा आत येऊन बाहेर गेली पाहिजे. आत येऊन बाहेर गेली पाहिजे, या शब्दांवर जोर आहे. आपल्याला पंख्याखाली बरे वाटते ते मुख्यतः अंगावरचा घाम वाळतो म्हणून. छताचा पंखा खोली थंड करीत नाही. यंत्राला घाम येत नाही. त्याच्याभोवती तीच तापलेली हवा कितीही वेगाने घुसळली तरी एका मर्यादेपलीकडे उपयोग नाही.

पंख्यांच्या मांडणीचा साधारण नियम सोपा आहे. समोरून गार हवा आत, मागून तापलेली बाहेर. वर पंखा लावायचाच तर मागच्या अंगाला आणि बाहेर फेकणारा लावावा. वर पुढच्या अंगाला लावला तर आत आलेली गार हवा कामास लागण्यापूर्वीच तो उचलून बाहेर टाकतो. पंख्याचे तोंड ओळखण्याचीही खूण आहे. ज्या बाजूला मोटार धरून ठेवणाऱ्या आडव्या पट्ट्या असतात, तिकडून सामान्यतः वारा बाहेर पडतो. आत येणारी हवा बाहेर जाणाऱ्या हवेपेक्षा किंचित अधिक ठेवावी, म्हणजे पेटीच्या फटीफटींतून हवा बाहेर झिरपते, आत शिरत नाही. धूळ फक्त समोरच्या जाळीवर अडते आणि तेथून ती पुसता येते. समोर जाळीऐवजी काचेची शोभिवंत फळी असेल तर मागचे पंखे कितीही उत्तम असोत, ते उपाशीच राहतात.

आवाजाचा हिशेब तर मला एखाद्या सुरस निवाड्यासारखा वाटला. पंख्याचा वेग निम्मा केला तर हवा निम्मी होते, परंतु आवाज सुमारे पंधरा डेसिबलने उतरतो. दहा डेसिबलचा उतार कानाला साधारणपणे निम्म्यासारखा वाटतो, हे लक्षात घेतले म्हणजे पंधराचे महत्त्व कळते. उलट, एका पंख्याशेजारी तसाच दुसरा लावला तर आवाज तीनच डेसिबलने चढतो. म्हणजे एक पंखा जीव तोडून पळवण्यापेक्षा दोन पंखे अर्ध्या चालीने चालवले, तर हवा जवळपास तेवढीच आणि आवाज बारा डेसिबलने कमी. १२० मिलिमीटरच्या जागी १४० मिलिमीटरचा पंखा घेतला तर त्याचे क्षेत्रफळ सव्वापटीहून अधिक, त्यामुळे तो आणखी सावकाश फिरला तरी चालते. या शास्त्रात घाईला दंड आहे आणि तो आवाजाच्या रूपाने वसूल होतो.

इतके ज्ञान मिळवून मी पंख्यांची तोंडे सुधारली, तारा मदरबोर्डला जोडून वेग उतरवले आणि संगणक पुन्हा त्याच्या फडताळात सरकवला. आवाज घटला, पण तपमान ८८ वर गेले. नियम सगळे पाळले होते. मी गोंधळून खुर्चीवर बसून होतो, तेव्हा आई काठी टेकीत दाराशी आली.

आईचे माहेर गोव्याचे, फोंड्याकडचे. लग्न होऊन बेळगावास येऊन साठ वर्षे होत आली. व्यवहाराची भाषा तिने मराठीच ठेवली, पण राग, कौतुक आणि शहाणपण या तीन गोष्टी तिच्या तोंडून कोकणीतच निघतात. तिच्या माहेरच्या घराला मध्ये चौक होता, समोरच्या दाराच्या रेषेत परसदार होते, आणि कोणत्या वेळी कोणती खिडकी उघडायची व कोणती लावायची याचे घरातल्या बायकांचे काही न लिहिलेले नियम होते. चुलीचा धूर डोळ्यांत येऊ नये म्हणून ते नियम जन्मले असावेत. तिने फडताळाकडे पाहिले, दोन्ही बाजूंच्या ग्रंथांच्या भिंतीकडे पाहिले आणि म्हणाली, "तूं वारें भितर घेता, पूण ताका भायर वचपाक वाट खंय आसा?"

मी पेटीला मागे पंखा आहे, तो वारा बाहेर फेकतो, असे तिला समजावू लागलो. तिने वाद घातला नाही. देवघरातून उदबत्ती आणावयास सांगितली. उदबत्तीचा धूर फडताळातल्या पेटीच्या मागे धरला तो भिंतीवर आपटला, वर चढला, फडताळाच्या छताला लागून पुढे आला आणि माझ्या डोळ्यांदेखत समोरच्या जाळीतून पुन्हा आत गेला. पेटीतून बाहेर पडलेला तापलेला वारा दुसरी वाट नसल्याने पेटीतच परत येत होता. मी पेटीची वाट मोकळी केली होती, पण ती पेटी ज्या पेटीत ठेवली होती तिला फक्त एकच तोंड होते. गंमत अशी की ज्या ग्रंथमालेला आम्ही वकील मंडळी ए. आय. आर. या आद्याक्षरांनी ओळखतो, त्या ग्रंथांनीच दोन्ही बाजूंनी वारा अडवला होता. ही तीन अक्षरे जोडून उच्चारली तर इंग्रजीत त्यांचा अर्थ काय होतो, हे वाचकांस सांगण्याची गरज नाही.

त्याच संध्याकाळी संगणक फडताळातून बाहेर काढला आणि टेबलाच्या बाजूला, भिंतीपासून हातभर अंतरावर, खिडकीच्या रेषेत ठेवला. पुढे १४० मिलिमीटरचे दोन पंखे आत घेणारे, मागे १२० चा एक बाहेर टाकणारा. बाकीचे काढून ठेवले. पूर्वी मिनिटाला चौदाशे फेरे घेत होते, ते सातशेच्या आसपास आणले. तपमान जरा वर-खाली झाले की लगेच वेग बदलू नये, काही सेकंद वाट पाहून मग सावकाश बदलावा, अशी सूचनाही यंत्रात नोंदवता येते, ती नोंदवली. पंख्यांच्या चौकटीखाली रबराचे खिळे बसवले, म्हणजे त्यांची थरथर पत्र्याला पोचत नाही. मग तेच चारशे कागद पुन्हा वाचावयास दिले. तपमान ७२ अंशांवर स्थिरावले. पाच पंख्यांनी जे झाले नाही ते तीन पंख्यांनी अर्ध्या वेगात केले.

या खटाटोपात मला आमच्याच धंद्यातला एक जुना कायदा नव्याने वाचावासा वाटला. १८८२ चा सुविधाधिकारांचा कायदा, सामान्य भाषेत वहिवाटीच्या हक्काचा कायदा, १८९१ साली तेव्हाच्या मुंबई इलाख्याला लागू झाला आणि बेळगाव त्या इलाख्यात होते. त्याच्या पंधराव्या कलमाप्रमाणे एखाद्या इमारतीत प्रकाश आणि हवा वीस वर्षे शांतपणे, अखंडपणे येत असली तर तो हक्क पक्का होतो. शेजाऱ्याने भिंत उभारून खिडकी कोंडल्याचे दावे मी चालवले आहेत. या कलमाचे शब्द हवेच्या प्रवेशाविषयी आणि उपयोगाविषयी आहेत. मीही इतकी वर्षे प्रवेशाचाच युक्तिवाद करीत आलो. हवा आत आल्यावर पुढे कोठे जाते, हा प्रश्न मला कोणी विचारला नाही आणि मीही तो कोणाला विचारला नाही. तो एका अशा बाईने विचारला, जिने कायद्याचे पुस्तक फक्त धूळ झटकण्यासाठी हातात घेतले होते.

त्याच कायद्याच्या तेहतिसाव्या कलमाला एक स्पष्टीकरण आहे. घराच्या खिडक्यादारांकडे येणारी हवा कोणी अडवली आणि त्याने वादीच्या प्रकृतीला अपाय झाला नाही, तरी त्याच्या शारीरिक स्वास्थ्यात मोठा व्यत्यय आला असेल तर ते नुकसान खरेच नुकसान मानावे, असा त्याचा आशय आहे. हे वाक्य मी पूर्वी अनेकदा न्यायालयात वाचून दाखवले होते. या वेळी वाचताना ते माझ्याविरुद्ध वाचले जात आहे असे वाटले. आईला इजा झाली नव्हती, म्हणून काही झालेच नाही असे मी मनाशी म्हणू पाहत होतो. पण एक तास थंड फरशीवर बसून, दिवा दिसतो आहे, मुलगा जागा आहे आणि तरी उत्तर येत नाही, हे तिने अनुभवले होते. त्या नुकसानीला कलम सापडत नाही.

या विषयात पूर्ण शांततेचा आग्रह धरू नये, असेही मी शिकलो. पंखे अगदीच बंद करता येत नाहीत, आणि पेटीतली हवा खोलीतल्या हवेपेक्षा गार होणे पंख्यांच्या हातात नाही. एप्रिलमध्ये आमच्याकडे दुपारी पारा पस्तिसाच्या पुढे जातो तेव्हा यंत्रही तेवढे वर चढते. चढू द्यावे. आजचे प्रोसेसर साधारण पंच्याण्णव ते शंभर अंशांपर्यंत तग धरतात, आणि त्याहून तापू लागले की स्वतःच चाल मंदावतात. पंचाहत्तर अंशांना घाबरून पंखे पळवणे म्हणजे पक्षकाराने सहज विचारलेल्या प्रश्नावर नोटीस धाडण्यासारखे आहे. चार अंश अधिक सोसले तर खोलीत माणसाचा आवाज शिल्लक राहतो. ही तडजोड मी आनंदाने मान्य केली आहे. महिन्यातून एका रविवारी जाळी काढून पुसतो. तेवढी देखभाल केली म्हणजे समेट टिकतो.

फडताळ आता रिकामे आहे. त्यात आईने तिचा पाण्याचा तांब्या झाकून ठेवण्यास सांगितले, पण मी तो तिच्या पलंगाच्या उशाशी, न वाकता हाताला लागेल अशा चौरंगावर ठेवला आहे. घंटीही आणून दिली होती; ती तिने एकदाही वाजवलेली नाही. "घरात माणसं असताना घंटी कशाला?" म्हणते.

रात्री उशिरापर्यंत काम चालते, तेव्हा संगणकाचा आवाज अगदीच नाही असे नाही. लक्ष देऊन ऐकले तर दूरवर कोणी तांदूळ पाखडत असावे तसा येतो. पण त्याच्यावरून आता घरातले पुष्कळ आवाज ऐकू येतात. घड्याळाची टिकटिक, माजघरातल्या पाटावर मांजराने मारलेली उडी, कूस बदलताना आईच्या हातातल्या बांगड्यांचा आवाज. परवा बाराच्या सुमारास त्या दारातून हलकेच आवाज आला, "अजून निजला नाहीस का रे?"

मी मान वर न करता 'हं' म्हणालो. मग ध्यानात आले आणि उठून तिच्या खोलीत गेलो.